भाकऱ्या मोजण्याची नोकरी

चिरंजीव निखिल आणि चिरंजीव रेवा,

निखिलच्या पत्रात एक प्रश्न होता. तिकडे इंग्लंडात फुटबॉलमध्ये नेहमी तेच दोन-तीन श्रीमंत संघ जिंकतात, चांगला खेळाडू दिसला की उचलून नेतात, मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला? 'आजी, तू फुटबॉलच्या ऑफिसात होतीस ना, मग तुमच्याकडे याला काही नियम होता का?' असं त्यानं विचारलं आहे. नियम होता. तो मीच लिहिला होता. योगायोगानं याच वेळी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं. म्हणून उत्तर अंकातच देते. तुमची आई वाचून दाखवील.

सुरुवातीलाच सांगते, पेठांची, तालमींची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. त्या सामन्यांवरून भांडलेल्यांची नातवंडं आजही त्याच गल्ल्यांत राहतात आणि कोल्हापुरात फुटबॉलची ईर्षा वारसाहक्कानं मिळते.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी इंटर पास होऊन, लग्न होऊन घरी बसले होते. शहरातल्या फुटबॉल लीगचे सेक्रेटरी होते देसाई वकील. खेळाचे नियम आणि मुंबईचा पत्रव्यवहार इंग्रजीत असे आणि त्यांच्या आधीच्या कारकुनाला 'द' आणि 'अ' कुठे घालायचा ते कळत नसे. म्हणून मला बोलावलं, असं मला वाटलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "चड्ड्या घालून पळणाऱ्या बाप्यांच्या कचेरीत बाईमाणसाचं काय काम?" खरं काम काय होतं ते मला आठवड्याभरानं कळलं.

ऑफिस शाहूपुरीत, गुळाच्या वखारीच्या माडीवर. जागा मुद्दाम तिथं घेतली होती, कारण आमच्या लीगमधली एकही तालीम त्या भागातली नव्हती. दुसऱ्या कुठल्याही पेठेत ऑफिस असतं तर बाकीच्या सात तालमींनी पायरी चढली नसती.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम हाच त्या पेठेचा फुटबॉल संघ. तुमच्याकडे खेळाडू संघाशी करार करतो. इथं जो ज्या पेठेत राहील तो त्या पेठेकडून खेळेल, एवढा एकच नियम होता. पगार नाही, करार नाही. बूटही बहुतेकांना नव्हते, पायाला पट्ट्या गुंडाळून खेळत.

नियम सोपा, म्हणून पळवाटही सोपी. चिंच तालमीला एका तेलगिरणीच्या मालकाचा आश्रय होता. कुठं चांगला खेळणारा दिसला की ते त्याला गिरणीत काम देत, पेठेत खोली देत, सकाळी शेरभर दूध देत. गडहिंग्लजचे दोघे, मिरजेचा एक, बेळगावकडचा एक असे करत करत त्यांच्या अकरा जणांत पेठेत जन्मलेले चारच उरले. लागोपाठ तीन वर्षं तेच जिंकले, तेही आठ-आठ, नऊ-नऊ गोलांनी. विहीर तालीम सर्वांत गरीब. तिचे चांगले तीन खेळाडू तर चिंच तालमीनंच नेलेले. त्यांचे म्हादबा वस्ताद एकदा ऑफिसात आले आणि म्हणाले, "वकीलसाब, पुढच्या सामन्याला आमी येत न्हाय. तुमीच नऊ गोल लिवून टाका. पोरांची उनात तंगडी तरी मोडायची न्हाईत."

मैदानावरची माणसं आटत चालली होती. ज्या सामन्याचा निकाल घरी बसून सांगता येतो तो बघायला कोण येणार?

आता माझ्या खऱ्या कामाबद्दल. खेळाडू पेठेत राहतो याचा पुरावा म्हणजे त्या घराच्या रेशनकार्डावर त्याचं नाव. पण कार्डावर नाव चढवणं अवघड नव्हतं. माणूस खरोखर तिथं राहतो का हे बघायला पुरुष कारकून गेला तर त्याला सोप्यातच बसवत, चहा देत आणि घरचे पुरुष सांगतील ते तो लिहून आणी. बाई गेली तर तिला थेट चुलीपर्यंत जाता येतं. देसाई वकिलांनी मला नेमलं ते यासाठी.

मी जाऊन पाटावर बसे, मुलाबाळांची चौकशी करी आणि सहज विचारी, "सकाळी किती भाकऱ्या थापता हो?" कार्डावरच्या नावांबद्दल बायका घरच्यांच्या सांगण्यावरून खोटं बोलत. भाकऱ्यांबद्दल कुणी खोटं बोलत नसे. रोजचा आकडा हाताला पाठ असतो, तोंडातून निघून जातो.

एका दोन खणांच्या घरात कार्डावर चिंच तालमीचे पाच खेळाडू होते, पाचही जण मालकिणीचे मावसभाऊ. मी विचारलं, "किती भाकऱ्या?"

"चार की."

"कोण खातं?"

"दोन हे, एक मी, एक सासूबाई." मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! आता हे मला जित्ती सोडायचे न्हाईत!"

मी तिला म्हटलं, तुमचं नाव कुठं येणार नाही. माझ्या वहीत फक्त 'भाकऱ्या चार' असं लिहिलं. पाचही नावं रद्द झाली. तालमीतले लोक माझ्या कामाला 'भाकरी तपासणी' म्हणू लागले. रस्त्यात मला बघून एकमेकांना सांगत, "आली बघ, भाकरीवाली मास्तरीण. घरात पीठ जास्त मळायला सांग." मला त्याचा अभिमान वाटे, हे लपवत नाही.

पण गिरणीमालक दुसऱ्या महिन्यात नवे पाच आणत आणि ते खरोखर पेठेत राहत. भाकरीनं खोटं पकडता येत होतं, पैसा पकडता येत नव्हता. म्हणून कमिटीनं नवा नियम करायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे आला. मी तो असा केला: ज्याच्या वडिलांचं घर कोल्हापुरात नाही तो बाहेरचा. सगळ्या बाहेरच्या खेळाडूंची नावं दसऱ्यानंतर एकत्र मांडायची. गेल्या वर्षी जी तालीम शेवटची आली तिनं पहिली निवड करायची, मग तिच्या वरच्या तालमीनं, जिंकलेल्या तालमीची पाळी सर्वांत शेवटी. आणि निवड झाली की खेळाडूनं त्या पेठेत राहायला जायचं, कारण जुना नियम मोडायचा नव्हता. निखिल, अमेरिकेत असं काहीतरी करतात असं तू लिहिलं आहेस. आम्हाला अमेरिकेचं काही ठाऊक नव्हतं. घरात लाडू वाटताना धाकट्याच्या हातात आधी देतात, तेवढंच ठाऊक होतं.

मसुदा वाचून देसाई वकील म्हणाले, "बाई, फक्त वडिलांचं घर? एखादा मामाकडे वाढलेला असेल, बहिणीकडे असेल."

मी म्हटलं, "साहेब, बहीण घातली तर पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात शंभर मानलेल्या बहिणी निघतील. ते पाच मावसभाऊ विसरलात?"

ते हसले. नियम तसाच मंजूर झाला.

दत्तू चिंच तालमीचा सेंटर फॉरवर्ड. मूळ नेसरीचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. मोठी बहीण शेवंताक्का नुकतीच लग्न होऊन चिंच पेठेत आली होती, ती त्याला बरोबर घेऊन आली. त्याला कुणी दूध देऊन आणलं नव्हतं. चेंडूला पहिली लाथ त्यानं चिंच तालमीच्या अंगणातच मारली. तिचे यजमान गणपतराव सुतारकाम करत आणि तालमीसाठी जीव टाकत. सामना हरला तर त्या दिवशी ते रंध्याला हात लावत नसत.

त्या घरी मी तपासणीला गेले होते. शेवंताक्का भाकरीच थापत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं हात न थांबवता सांगितलं, "सतरा. त्यात दत्तूच्या पाच. सामना असला तर सा. हरून आला तर दोन, त्याबी मी म्होरं बसून चारायच्या."

भिंतीशी मांडलेल्या ताटांत त्याचं ताट होतं, कडेला पोचा आलेलं. मी वहीत लिहिलं, 'भाकऱ्या सतरा. खरा रहिवासी.' इतकी खरी नोंद मी दुसरी केली नसेन.

नवा नियम आला आणि दत्तूचं नाव बाहेरच्यांच्या यादीत गेलं. वडील नेसरीत, घर नेसरीत. चिंच तालमीनं तक्रार केली. सुनावणी ऑफिसात झाली. एका बाकावर चिंच तालीम, समोरच्या बाकावर म्हादबा वस्ताद, आणि दाराशी दत्तू उभा.

गणपतराव तावातावानं बोलत होते. "वीस वर्साचा हाय त्यो. अकरा वर्सं माझ्या घरात हाय. आनि ह्यो बाहेरचा? मग मी कोन, पावना?"

म्हादबा वस्ताद शांतपणे म्हणाले, "गणपा, तुझ्याकडं दहा हायती. आमच्याकडं एकबी न्हाय. एक दिलास तर काय बिघडलं?"

"गाय हाय व्हय द्यायला?"

देसाई वकिलांनी सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, ते घर तुम्ही आतून बघितलं आहे. ते त्याचं घर आहे का?"

मुलांनो, त्या क्षणी माझी वही माझ्यासमोर उघडी होती. 'खरा रहिवासी' हे माझ्याच अक्षरात होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर वकिलांनी अपवाद केला असता, ते त्याच तयारीनं विचारत होते. पण मला दिसत होतं की दत्तू चिंच तालमीत राहिला तर चौथं वर्षही त्यांचंच. एक अपवाद केला की दुसऱ्या दिवशी दहा जण दारात येतील. आणि तो नियम माझा होता. सुबक, कुठं खाडाखोड नसलेला, मी दोन भाषांत टंकलेला.

मी म्हटलं, "नियमात बसत नाही."

घर त्याचं आहे का, असं मला विचारलं होतं. मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. ते खोलीत कुणाच्या लक्षात आलं असेल तर एकट्या दत्तूच्या. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

विहीर तालमीची पहिली निवड होती. म्हादबा वस्तादांनी दत्तूला निवडलं. "खेळायचं नसेल तर नको खेळू," असं गणपतरावांनी त्याला सांगून बघितलं. पण विशीतला सेंटर फॉरवर्ड खेळल्याशिवाय राहतो का? तो विहीर पेठेत एका खोलीत राहायला गेला.

चार दिवसांनी शेवंताक्का ऑफिसात आली. तिच्या हातात रेशनकार्ड होतं. दत्तूचं नाव तिकडच्या कार्डावर चढायचं म्हणजे इकडून कमी व्हायला हवं होतं, आणि तसं झाल्याचं मी डोळ्यांनी बघायचं असा माझाच शिरस्ता होता. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. नावावर लाल शाईची रेघ होती.

"बघा. कापलं न्हवं? आता बसलं का नेमात?"

मी सही केली.

"साकर कमी झाली म्हनून बोलत न्हाय मी," ती म्हणाली. "पर हात ऐकत न्हाय बाई. रोज सतराच हुत्यात."

नियमानं काम केलं, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पहिल्या महिन्यातच सामने दोन-एक, एक-शून्य असे होऊ लागले. चिंच तालीम एका लहान तालमीकडून हरली त्या दिवशी मैदानावरून निघालेला गलका शाहूपुरीपर्यंत ऐकू आला. माणसं परत आली. जागा मिळेना म्हणून झाडांवर चढून बसू लागली. इतर गावांतले लोक नियमाची प्रत मागू लागले आणि मी ती टंकून पाठवत असे.

लीगचा शेवटचा सामना वैशाखात, चिंच विरुद्ध विहीर. जिंकेल त्याची लीग. मी पंचांच्या टेबलाशी नोंदी करायला होते. सामना एक-एक बरोबरीत होता. संपायला थोडाच वेळ असताना विहीर तालमीच्या उजव्या बाजूनं चेंडू आत आला आणि दत्तूनं तो एका फटक्यात गोलात घातला. चिंचवाले ओरडले, "हापसाइड! हापसाइड!" पंचांनी शिट्टी फुंकली आणि गोल दिला. माझ्या समोरच घडलं. चेंडू त्याच्याकडे सुटला तेव्हा दत्तू आणि गोल यांच्यामध्ये चिंच तालमीचे दोन खेळाडू होते, मी ते स्पष्ट बघितलं.

म्हादबा वस्ताद मैदानात बसकण मारून रडले. देसाई वकील मला म्हणाले, "बाई, हा तुमचाही गोल बरं का." मी लाजले. त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले होते.

दत्तूनं हात वर केले नव्हते. गोल मारून तो सरळ मध्यरेषेवर येऊन उभा राहिला होता. ते मी बघितलं होतं, पण त्याचा विचार नंतर केला.

त्या संध्याकाळी चिंच पेठेत शेवंताक्काच्या दारावर शेण पडलं. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळावर रांगेतली तिची घागर कुणीतरी उचलून बाहेर ठेवली. ती पुन्हा रांगेच्या शेवटी गेली, पुन्हा तेच झालं. आणि गणपतरावांनी तिला सांगितलं की दत्तू या घराचा उंबरा चढला तर मी घर सोडून जाईन. त्यांनाही पेठेतच राहायचं होतं, पेठेतल्याच दारं-खिडक्यांवर त्यांचं पोट होतं. हे मला एका चुलीपाशी कळलं, दुसऱ्याच कुणाच्या भाकऱ्या मोजताना.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ऑफिसला सुट्टी होती. नव्या हंगामाचे अर्ज लावायचे राहिले होते, म्हणून मी सकाळी तासाभरासाठी ऑफिस उघडलं. जिन्यावर बांगड्या वाजल्या. शेवंताक्का, हातात फडक्यानं झाकलेलं ताट.

"बाई, ही जागा कुनाच्या पेठंत येती?"

"कुणाच्याच नाही."

"मग हितंच ओवाळते." आणि जिन्यात वाकून तिनं हाक मारली, "ये रं वर. हितं कुनाचं काय चालत न्हाय."

दत्तू वर आला. सुनावणीच्या दिवशी तो दाराशी उभा होता, तसाच उभा राहिला. मी त्याला वकिलांच्या खुर्चीवर बसवलं. भिंतीवर गुणांचा तक्ता होता, सर्वांत वर विहीर तालीम. त्याच्याखाली तिनं भावाला ओवाळलं. मग फडक्यातून पोचा आलेलं ते ताट काढलं आणि त्यात वाढलं. तो जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. मी अर्ज लावत होते. एकच अर्ज तीनदा लावला.

त्यानंतर दर वर्षी भाऊबीजेला मी ऑफिस उघडत असे. काही ठरलं नव्हतं. मी घरातलं आवरून किल्ली घेऊन निघे. माझा भाऊ माझ्याकडून ओवाळून घ्यायला दुपारी येई, त्याला मी सकाळी येऊ देत नसे. सासूबाई विचारत, "सणाच्या दिवशी कसली गं कचेरी?" मी म्हणे, काम आहे.

नियमात 'किंवा बहिणीचं घर, दहा वर्षांहून जास्त राहिला असल्यास' एवढे शब्द घालावेत म्हणून मी कमिटीपुढे दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा नाकारला गेला. एव्हाना दर वर्षी वेगळी तालीम जिंकत होती आणि सगळे खूश होते. एक सभासद म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता, बाई?" हे वाक्य मीच सुनावणीच्या वेळी म्हटलं असतं.

पुढे दत्तूचा गुडघा गेला. तोवर विहीर पेठेतच त्याचं लग्न झालं होतं, तिथंच तो सायकलीच्या दुकानात काम करी. त्यानं खेळणं सोडल्याचा अर्ज दिला आणि मी त्याचं नाव रजिस्टरातून कमी केलं. माझ्या हातात तेवढंच होतं.

तर निखिल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय, वाटणी करावी. नऊ-शून्यचे सामने बघणं हीही एक प्रकारची क्रूरता आहे आणि म्हादबा वस्तादांचे अश्रू खरे होते. तो नियम मी आजही पुन्हा करीन. पण 'भाकरी कुठल्या घरी खातो' असा एक रकाना मी त्यात ठेवला नाही, त्याचं उत्तर मला ठाऊक असून, आणि विचारलं तेव्हाही बोलले नाही.

दत्तूनं खेळ सोडला त्या वर्षीच्या भाऊबीजेलाही मी ऑफिस उघडलं. झाडून घेतलं, खुर्ची पुसली. वेळ झाली तरी बांगड्या वाजल्या नाहीत. मग जिन्यावर जड पावलं आली. गणपतराव होते. डोक्याला धुतलेला पटका, हातात फराळाचं ताट. सुनावणीनंतर ते त्या खोलीत प्रथमच येत होते.

"बाई, आजपास्नं किल्लीचं काम न्हाय," ते म्हणाले. "घरला आलाय त्यो. जेवतोय."

मी बसा म्हटलं. ते बसले नाहीत. ताट टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरचा तक्ता बघत राहिले.

"एक इचारू? तुमी टेबलाशी हुता. त्यो गोल खरा हुता का?"

एवढी वर्षं त्यांनी हा प्रश्न सांभाळून ठेवला होता.

"हो," मी म्हटलं. "नियमात बसत होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे.

"व्हय," ते म्हणाले, "तुमचं समदंच बसतंय," आणि पटका सावरत जिना उतरून गेले.

मी करंजी खाल्ली, ताट धुतलं आणि ऑफिसला कुलूप लावून घरी आले. माझा भाऊ त्या दिवशी सकाळीच आला होता आणि दारात बसून माझी वाट बघत होता.

तुमची
आजी